प्रेषितांच्या दाराशी तीन गुरुवार

वालेन्सिया, १४ जून १९९४

सेंतो,

तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही. ती मला दर नाताळात छापील कार्डावर कळते, खाली सही तुझ्या बायकोची. ओदिलला माझा नमस्कार सांग. मी तिला पाहिलेलं नाही, पण बाई भली असणार. एकोणीस वर्षांत त्या घरातून पाकीट कुणी चिकटवलं असेल तर तिनेच.

कामाचं लिहिते. तुझ्या तुकड्याच्या कडेचा पाट बोरूने गच्च भरलाय. माझी पाण्याची पाळी येते तेव्हा अर्धं पाणी त्या बोरूतच अडून बसतं आणि माझं चुफ्याचं पीक तहानलेलं राहतं. पाटावरच्या तुझ्या पाणी सोडायच्या दाराची फळी कुजली आहे. खालच्या कडेला बोट लावलं तर लाकूड भिजलेल्या पावासारखं हातात येतं. आपल्या कालव्याचा नवा पाटकरी ब्लाय, म्हणजे म्हाताऱ्या मातेउचा जावई, त्याने मला दोनदा ऐकवलं. मी म्हटलं, मी बदलते फळी, आहे काय त्यात. तर म्हणतो, "फिनाताई, फळी मालकाची. तुम्ही हात लावू नका, उद्या वाद नको." आता मालक तिकडे फ्रान्समध्ये, ल्योंच्या कारखान्यात यंत्रांना तेल पाजतोय आणि इथं बोरू माणसाच्या डोक्यावर गेलाय. सांग कुणाच्या नावाने बोटं मोडू?

बाबांनी जाताना तो तुकडा तुझ्याच नावावर ठेवला, हे तुला वकिलाने कळवलं होतं. तेव्हाही तू आला नाहीस. बरं. पण जमीन नावावर असली की पाट साफ ठेवावा लागतो, हे तू विसरला असशील असं मला वाटत नाही. तू काही पॅरिसमध्ये जन्मला नाहीस.

येऊन एकदा बघून जा. दोन दिवसांचं काम आहे. घरात खोली आहे.

कालव्याच्या मंडळावर यंदा माझं नाव सुचवलंय. एका बाईचं. बाबा असते तर हसले असते. हे उगाच लिहिलं.

फिना

३ जुलै

सेंतो,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, तरी रोज अकराला पोस्टमनची सायकल ऐकून मी दारात जाते आणि वेड्यासारखी परत येते.

मंडळाचं काय झालं ते ऐक. तोनेताच्या बेकरीत पाव घ्यायला गेले. सकाळची गर्दी, सगळ्या बायका. तोनेता पाव कागदात गुंडाळताना मोठ्याने म्हणाली, "फिना मंडळावर हवीच. सेंतोने बापाचं नाक कापलं, हिनेच ते राखलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, खरंय, आयुष्य घातलं बिचारीने. मी पाव तिथंच विसरून घरी आले. मग तोनेता पाव घेऊन माझ्यामागे घरापर्यंत आली, त्याचा आणखी ताप.

मी मंडळाला अजून हो म्हटलेलं नाही. विचार करते म्हणून सांगितलंय. लोकांना वाटतं मी लाजतेय.

आणि मला तुझा राग येतो. सरळ लिहिते. एकोणीस वर्षं लोक तुला पाणीचोर म्हणतायत, तुला काहीच वाटत नाही? त्या गुरुवारी तुला तोंड नव्हतं का? जुलैचा दिवस, शहरातल्या मोठ्या चर्चच्या प्रेषितांच्या दाराशी पाण्याचे पंच काळे डगले घालून गोल बसलेले, त्यांत आपले बाबा. आपल्या कालव्याचा खटला असला की त्या कालव्याच्या पंचाने तोंड उघडायचं नाही, हा नियम. म्हणून बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत बसले होते. तेव्हाचा पाटकरी म्हाताऱ्या मातेउने सांगितलं, रविवारी मिस्साच्या वेळी सेंतोचं दार उघडं होतं, पाळी खालच्या लोकांची होती, दुष्काळ होता. मुख्य पंचाने तुझ्याकडे पाय केला, म्हणजे बोल. आणि तू काय बोललास? "मला काही म्हणायचं नाही."

का नव्हतं म्हणायचं? तुला सत्तावीस वर्षांचं तोंड होतं. आठ दिवसांत तू गाडीत बसलास. बाबांनी पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, तुझं नाव घेतलं नाही. जेवताना तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवायचे. मी पुसायची ती खुर्ची, दर शनिवारी.

फिना

१६ ऑगस्ट

सेंतो,

काल सणाची सुट्टी होती, मिस्सा झाली, घरी येऊन मी तुला पत्र लिहिलं आणि फाडलं. आज दुसरं लिहितेय. हे फाडायचं नाही असं ठरवलंय.

ते दार मी उघडलं होतं.

तुला माहीत आहे ते. तू मला त्या रविवारी दुपारी पाटाजवळ पाहिलंस, माझे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले, आणि तू काही न बोलता घरात गेलास. मी आजवर स्वतःला सांगत आले की कदाचित त्याने पाहिलं नसेल. पाहिलंस. माझ्या डोळ्यांत पाहिलंस.

बाबांनी त्या वर्षी पहिल्यांदा मला माझा तुकडा कसायला दिला होता, आठवतं? तेहतीस वर्षांची झाले तेव्हा. आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते की बायकांना दारं धरणं जमत नाही, बघू किती दिवस टिकते. माझा कांदा उभ्या उभ्या पिवळा पडत होता. पाळीला पाच दिवस बाकी. आणि माझ्या वाफ्यात पाणी येतं ते तुझ्या दारातून. सगळे मिस्साला गेले, मी डोकं दुखतंय म्हणाले. फळी वर केली. चाळीस मिनिटं. मग चर्चची घंटा झाली, मी घाबरून पळाले आणि फळी नीट बसवली नाही. झालं.

मी बोलायला हवं होतं. बुधवारपर्यंत रोज ठरवत होते. बाबा समोर बसून सूप पीत होते आणि मला वाटायचं, आज सांगेन, हे संपू दे. गुरुवारी मी कठड्याबाहेर गर्दीत उभी होते. तू म्हणालास, काही म्हणायचं नाही, आणि मला, काय लिहू, मला बरं वाटलं. तेवढा एक क्षण. त्याची मला आजही किळस येते.

आता लोक मला मंडळावर बसवतायत, बापाचं नाव राखलं म्हणून. गेल्या आठवड्यात मी मुख्य पंचांच्या घरी गेले. म्हटलं, एका जुन्या खटल्यात चूक झाली आहे, मला सांगायचंय. भला माणूस आहे, चुफ्याच्या दुधाचा गार ओर्चाता पाजला, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, इथं निकाल लागला की लागला. अपील नसतं. आणि तो खटला ज्यांनी चालवला ते सगळे वर गेले." मी म्हटलं मला फक्त तिथं उभं राहून बोलायचंय. म्हणाला, "तिथं ज्याचं नाव पुकारतात तोच बोलतो. तुमच्या नावावर काही खटला आहे का?"

नाही ना. हीच तर पंचाईत.

घरी येताना मला एक युक्ती सुचली. ती लिहीत नाही, तू हसशील.

फिना

२७ ऑगस्ट, शनिवार

सेंतो,

हसू नकोस. हसलास तरी मला दिसणार नाही, पण नकोच.

मी ठरवलं की माझ्या नावावर खटला व्हायलाच हवा. चोरी पुन्हा करायची, उघड्यावर, ब्लायने पकडायचं, गुरुवारी प्रेषितांच्या दाराशी माझं नाव पुकारलं जाईल आणि मुख्य पंचाने माझ्याकडे पाय केला की मी आताचंही सांगेन आणि तेव्हाचंही. सगळ्या कालव्यासमोर. तिथं बाहेर परदेशी लोक कॅमेरे घेऊन उभे असतात, त्यांनाही ऐकू दे.

पण माझा तुकडा तुझ्या दारावर चालतो. म्हणजे पुन्हा तुझीच फळी. त्याला काय करणार?

काल दुपारी चारला, पाळी खालच्यांची असताना, मी फळी वर केली. नीट, पूर्ण. मग बांधावर खुर्ची टाकून बसले. स्वयंपाकघरातली, गवती बैठकीची. डोक्यावर टोपी. समुद्रावरून वारा येत होता, चुफा छान डुलत होता, आणि मी चोर म्हणून पकडली जायची वाट बघत बसले होते. पाच वाजले. ब्लायचा पत्ता नाही. साडेपाच. एरवी हा माणूस बोरूच्या मागून भुतासारखा उगवतो. आणि नेमकं सकाळी मी ताटभर अंजिरं खाल्ली होती. आता बहिणीने भावाला किती सांगायचं? मला घरी पळावं लागलं. दहा मिनिटं. जास्तीत जास्त बारा.

परत आले तर ब्लाय उभा. फळी खाली घातलेली आणि वही खिशात जाताना मला दिसली.

मी म्हटलं, "मी उघडली."

म्हणाला, "फिनाताई, राहू द्या."

"अरे, मी उघडली. ती बघ माझी खुर्ची."

"तुम्ही पाणी बघून धावत आलात आणि माझी वाट बघत बसलात, हे कळतं मला. फळी कुजली होती, पाण्याच्या जोराने उचलली गेली. मी जूनपासून सांगतोय. जबाबदारी मालकाची. मी मालकाचं नाव लिहिलंय."

"मालक ल्योंमध्ये आहे."

"मग तिथून यावं लागेल त्यांना." आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "भावासाठी किती झिजाल? मागच्या वेळीही तुम्हीच रडला होतात, माझे सासरे सांगायचे."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने टोपी काढून सगळं ऐकून घेतलं, म्हणून आणखी चीड आली.

तर सेंतो, तुझ्यावर दुसरा खटला झालाय, तोही मीच केलेला. पहिली पुकार एक सप्टेंबरला. आला नाहीस तर आठला. तरी नाही तर पंधराला, आणि मग तू नसलास तरी निकाल होतो. तुला नोटीस येईल. तू येऊ नकोस. मी निस्तरते. तुला हे कळवायचं म्हणून लिहिलं, आणि मला माफ कर असंही लिहिणार होते पण ते अशा पत्रात कसं लिहायचं ते सुचत नाही.

फिना

१ सप्टेंबर, रात्रीचं जेवण न जेवता

सेंतो,

काय सांगू.

बाराचे ठोके पडले. पंच येऊन बसले. मी कठड्याला चिकटून, काळे कपडे घालून, केस नीट बांधून. भालदार एकेका कालव्याचं नाव घेऊन आरोपींना पुकारतो, तुला माहीतच आहे, आणि बहुतेक वेळा कुणीच नसतं. मग आपल्या कालव्याचं नाव आलं आणि त्याने तुझं नाव घेतलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. मी आत पाऊल टाकलं.

भालदार म्हणाला, "तुम्ही सेंतो?"

"त्याची बहीण."

"बहिणीचं नाव पुकारलेलं नाही."

"पण फळी मी उघडली."

"बाई, तुमचं नाव पुकारलेलं नाही."

एक इंग्रज की कोण बाई हसली. तिला वाटलं नाटक चाललंय. मुख्य पंचांनी माझ्याकडे पाहिलं, ज्यांनी मला ओर्चाता पाजला तेच, आणि पायसुद्धा हलवला नाही. मी मागे सरले. पाच मिनिटांत सगळं आटोपलं, लोक कबुतरांचे फोटो काढायला लागले.

आणि तोनेता तिथं होती. कशाला आली होती देव जाणे, शहरात कापड घ्यायला म्हणे. माझा हात धरून म्हणाली, "फिना, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." मी म्हटलं, "तोनेता, मी चोर आहे." तिने मला मिठी मारली.

फिना

८ सप्टेंबर

पुन्हा तेच. या वेळी मी आत पाऊलही टाकलं नाही, बाहेरून ओरडायचं ठरवलं होतं, पण नाव पुकारलं तेव्हा मी कठडा धरून नुसती उभी राहिले. मी रागाने रडले आणि सगळ्यांना वाटलं दुःखाने. पुढच्या गुरुवारी शेवटची पुकार. हे पत्र तुला त्याआधी मिळेल की नाही माहीत नाही.

मी या वेळी ओरडेन, काहीही होवो.

२० सप्टेंबर

सेंतो,

तू तिथं होतास, तरी माझ्या बाजूने ते कसं झालं ते तुला ऐकावं लागेल. एवढं तरी तू माझं देणं लागतोस.

मी कठड्याजवळ होते. मागे कुठला तरी फ्रेंच बसचा घोळका, पिवळी छत्री उंच धरलेली बाई त्यांना काहीतरी सांगत होती. मला त्यांचा रागच आला, गुरुवार गुरुवार येतात आणि आमच्या भांडणांचे फोटो काढतात. भालदाराने तुझं नाव घेतलं. मी तोंड उघडलं. आणि त्या छत्रीखालून एक टकला, पोट सुटलेला माणूस बाहेर आला, गळ्यातला कॅमेरा काढून त्याने शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि कठड्याच्या आत गेला. मला वाटलं, या फ्रेंच म्हाताऱ्याला चक्कर आली की काय. मग भालदाराने विचारलं, सेंतो? आणि तू म्हणालास, हो.

मेल्या, मी तुला ओळखलं नाही. सख्ख्या भावाला. सहलीच्या घोळक्यात, छातीवर चिकटवलेल्या बसच्या गोल नंबरासकट. तेवीस.

ओदिल तुझा कॅमेरा धरून उभी. तिला काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. सहलीच्या कागदावर लिहिलं होतं म्हणे, बारा वाजता पाण्याचे पंच बघणे. तिने नवऱ्याला आत जाताना बघितलं आणि सवयीने फोटो काढला.

ब्लायने सांगितलं. कुजलेली फळी, खालच्यांची पाळी. मुख्य पंचांनी तुझ्याकडे पाय केला. आणि तू, इतक्या वर्षांनी, आपल्या भाषेत अडखळत, तेच म्हणालास. "मला काही म्हणायचं नाही."

तेव्हा माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तो इथं नव्हताच, फळी मी उचलली, खुर्ची टाकून बसले होते, आणि तेव्हाही मीच, पंचाहत्तर साली, कांद्यासाठी, बाबांसमोर मी गप्प राहिले. हे मी नक्की म्हणाले, कारण बाबांचं नाव निघालं तेव्हा एका म्हाताऱ्या पंचाने मान वर केली. मुख्य पंच म्हणाले, बाई, गप्प. मी गप्प झाले नाही. पुन्हा म्हणाले. दंड सांगितला. मी म्हटलं, लावा.

मग त्यांनी तुला विचारलं. नियमात नव्हतं बहुधा, पण विचारलं. "ही बाई काय म्हणतेय?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझी बहीण आहे. मनाने फार चांगली आहे. खोटं बोलतेय."

तुझ्या नंबर तेवीसच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना छत्रीवालीने भाषांतर करून सांगितलं होतं. ब्लायने डोळे पुसले. निकाल लागला, तू दोषी, आणि मला मध्ये बोलल्याबद्दल दंड. झालं. उठले, निघाले. कबुतरं.

आता त्यानंतर आपण तिघं ओर्चात्याच्या दुकानात बसलो तिथलं. ओदिल ओर्चात्याला तोंड वेडंवाकडं करत होती, कुणीही पहिल्यांदा पितो तेव्हा करतोच, आणि मी तुला विचारलं, का केलंस हे? तू म्हणालास, "फिना, मला जायचंच होतं. कारखान्याचं बोलावणं मे महिन्यापासून माझ्या कोटाच्या खिशात होतं. एकुलता एक मुलगा, पंचाचा मुलगा, कोण जाऊ देणार होतं? तू दार उघडलंस आणि मला वाट मिळाली. मी तुझ्यासाठी काही केलं नाही."

एवढंच. पाव बुडवून खाल्लास आणि म्हणालास, "तू उगाच वाहिलंस."

उगाच! मी तुला विचारलं, आणि बाबा? त्यांनी अकरा वर्षं तुझं नाव घेतलं नाही, भिंतीला खुर्ची लावून जेवले, ते कुणाच्या खात्यात टाकायचं? तेव्हा तू ग्लासच्या तळाशी चमचा फिरवत बसलास. एवढं एकदाच मला तुझं तोंड आपल्या घरातलं वाटलं. ओदिलने तुझ्या मनगटावर हात ठेवला आणि मग तिने, तुझ्या फ्रेंच बायकोने, मला मोडक्या शब्दांत विचारलं की घर कुठं आहे, बघता येईल का. तू म्हणालास बस साडेचारला सुटते.

बस साडेचारला सुटली.

मला वाटलं होतं, सत्य बोललं की निदान माझं ओझं उतरेल. तू येऊन ते पुन्हा माझ्या अंगावर टाकून गेलास, वर चांगुलपणाचा कागद गुंडाळून. मला इतका राग आलाय की मी तीन दिवस पाटातला बोरू तोडतेय. तुझा बोरू. ब्लाय बघतो आणि पुढे निघून जातो.

फिना

११ ऑक्टोबर

सेंतो,

राग गेलेला नाही, पण आता दुसरीच अडचण झाली आहे, आणि ती फक्त तूच सोडवू शकतोस.

मला मंडळावर निवडलं. एकमताने. मी हो म्हटलं नव्हतं. मी सभेत उभी राहून म्हटलं, "मी पाणी चोरलंय, दोनदा. मला निवडू नका." अध्यक्ष म्हणाले, "फिनाताई, आम्हाला कळलं तुम्ही प्रेषितांच्या दाराशी काय केलंत." आणि सगळे उभे राहिले. माणसं उभी राहिली, सेंतो, खुर्च्या सरकवून. जे बाबांसाठी कधी उभे राहिले नाहीत तेसुद्धा.

तोनेता मला रांगेतून पुढे बोलावते. पाव आधीच गुंडाळून ठेवलेला असतो, त्यात रोज एक गोड बन जास्तीचा. मी परत देते, ती पिशवीत कोंबते. म्हणते, "खा गं, किती वाळलीस." मी म्हणते तोनेता, ऐक, मी त्या दिवशी खरं बोलत होते. ती हसते आणि माझा गाल धरते. पोरींना दाखवते की ही बघा फिनाआत्या, भावासाठी स्वतःवर घ्यायला निघाली होती. काल एक पोरगी शाळेच्या निबंधात माझ्यावर लिहायचंय म्हणून घरी आली. मी तिला सगळं खरं खरं सांगितलं, कांद्यापासून. तिने लिहून घेतलं, आणि मग म्हणाली, "आत्या, तुम्ही आत्तासुद्धा भावाला वाचवताय ना?"

आता मी काय करू? जितकं खरं बोलते तितकी मोठी होत चाललेय. मंडळाच्या बैठकीत मी बोलले की लोक माना डोलावतात. मी चूक बोलले तरी. परवा मी खालच्या लोकांची पाळी चुकून एक दिवस पुढे ढकलली आणि कुणी मला हटकलं नाही. बाबा असते तर टेबलावर मूठ आपटली असती. मला ती मूठ हवी आहे.

तुला वाटतं तू गेलास, संपलं. तुला वाटलं तू मला सोडवलंस. तू मला इथं एकटीला सोडून गेलास, जिथं माझ्यावर कुणीच रागवत नाही. घरात तुझी खुर्ची मी भिंतीपासून काढून टेबलाला लावली आहे, आणि रोज तिच्याशी भांडते, पण खुर्ची काही बोलत नाही.

या गावात मला चोर म्हणायचा अधिकार एकाच माणसाला आहे. बाबा गेले, मातेउ गेला. तू उरलास.

ये. गुरुवारी नको, पंचांकडे नको. सहल नको, छत्री नको. सकाळी आठला ये, तोनेताच्या दुकानात तेव्हा सगळ्या बायका असतात. दारात उभा राहा, आपल्या भाषेत, अडखळलास तरी चालेल, आणि सगळ्यांसमोर म्हण की फिना चोर आहे. तुझं ऐकतील ते. मला खोटी ठरवणारा तूच, आणि बळीही तूच.

मग आपण घरी जाऊ. मी ओरडेन, तू ओरड, भांडी आपटू. ओदिललाही आण.

फिना